कालव्यावरचा चहा

लेस्टरच्या कालव्याकाठी चालताना एखाद्या बोटीच्या धुराड्यातून कोळशाचा वास आला, की मला आई आठवते. पंधरा वर्षांपूर्वी ती इथे आली, ती एकदाच. अशाच एका बोटीवर राहणाऱ्या बाईने तिला हसून चहाला आत बोलावलं. आई रीतीप्रमाणे "नो, नो" म्हणाली आणि आग्रहाची वाट पाहत खिडकीतून दिसणारं इवलंसं स्वयंपाकघर न्याहाळत राहिली. बाई "ओके" म्हणून आत निघून गेली.

"इथे पुन्हा विचारत नाहीत का गं?"

"नाही गं आई. चल, पार्किंग संपतंय."

महिन्याभराने ती परत निघाली, तेव्हा मी म्हटलं, "राहा ना अजून."

"नको गं," ती म्हणाली.

मीही पुन्हा विचारलं नाही.