दस्तगीरनं नापास केलेलं मशीन

दस्तगीर जाऊन महिना उलटला आणि परवा त्यानं आमचं मशीन नापास केलं.

हसू नका. मला स्वतःलाच काही उमगत नाहीये, म्हणून तर इथं लिहितोय.

आज त्याचा चाळिसावा. फातिहा झाली, जेवणं झाली, लोक पांगले. मी मात्र खुर्चीत बसून तोच विचार करतोय, हे नक्की झालं काय?

नव्या मित्रमंडळींसाठी सांगतो. सांगलीत आमची कंपनी आहे. कारखान्यांचा धूर आणि धूळ पकडायची मशीनं आम्ही बनवतो. वेबसाइटवर "लीडरशिप टीम" म्हणून तिघांचे फोटो आहेत. मी, माझी लेक सुनंदा आणि माझा बालमित्र दस्तगीर.

तो फोटो बघून दस्तगीर म्हणाला होता, "शंकऱ्या, लीडर म्हणत्यात रं आपल्याला. आन् घरात दुसऱ्यांदा च्या मागायचं धाडस हुईना!"

आमची एक रीत आहे.

मशीन गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तिघांनी पांढरेशुभ्र शर्ट घालायचे. आमच्याच आवारात धूळ सोडून मशीन चालू करायचं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच्याभोवती उभं राहायचं. एकाचा जरी शर्ट मळला, तरी मशीन द्यायचं नाही.

गिऱ्हाइकं हसतात. हसू देत.

ह्या रीतीचं मूळ एकोणीसशे चाळीसच्या दशकातलं. म्हणजे कंपनीचा पत्ताच नव्हता तेव्हाचं.

पाटण-कराड रस्त्याला आमचं गाव. तिथं आमचं गुऱ्हाळ होतं. दस्तगीरच्या वडलांचं पत्र्याच्या कामाचं दुकान. महायुद्धाचे दिवस, कापड कंट्रोलवर, मोजूनमापून मिळायचं. तरी त्याच्या आईनं कुठून कुठून तुकडा मिळवला आणि बकरी ईदला त्याला पांढरा सदरा शिवला.

गडी नमाज झाल्याबरोबर थेट आमच्या गुऱ्हाळावर. सदरा मिरवायला!

नेमकं वारं फिरलं. बुटक्या धुराड्याचा सगळा धूर ह्याच्या अंगावर.

सदऱ्याचं पार पोतेरं झालं. मी पोट धरून हसलो. तो रडला नाही. सरळ माझ्या वडलांपुढं जाऊन उभा राहिला.

"आवं पाटील, तुमचं धुराडं आखूड हाय. माजा बा उंच करून दील. पर आदी माज्या आईला सांगा, चूक माजी न्हाई."

वडील खरंच गेले सांगायला. पुढच्या हंगामात धुराडं उंच झालं.

कितीतरी वर्षांनी आम्ही दोघांनी पहिलं मशीन बनवलं, तेव्हा हा बाबा पांढरा शर्ट घालून हजर.

"धूर हाय का न्हाई ते मला नगं सांगू. शर्टाला इचार."

तेव्हापासून हेच चालू आहे.

आता परवाचं.

सातारा रस्त्यावरची एक फौंड्री, लोखंड ओतायचा कारखाना. धुळीपायी बंद ठेवायला लागलेली. कामगार घरी बसून. मालकाचे फोनवर फोन. मशीन तयार होतं, पण शर्ट दोनच.

सुनंदा म्हणाली, "आबा, आपण दोघं उभं राहू. चाचा असते तर त्यांनीच द्या म्हटलं असतं."

"तो? त्यानं जन्मात कुठल्या मशीनला पहिल्या झटक्यात हो म्हटलंय?"

"मग लोकांनी घरीच बसून राहायचं का?"

तिचंही खरं होतं. शेवटी उठलो, दस्तगीरच्या बायकोकडं, हलिमाभाभींकडं गेलो आणि त्याचा शर्ट मागितला. त्यांनी तो कपाटातून काढला. इस्त्री फिरवून दिला.

शर्ट त्याच्या जागेवर टांगला.

त्याची जागा ठरलेली. मशीनच्या खाली, पकडलेली धूळ जिथून पोत्यात पडते त्या दाराजवळ. आम्ही चिडवायचो, "लेका, सावली बघून उभा राहतोस." तो म्हणायचा, "व्हय, म्हातारा झालोय."

जेवणाची सुट्टी झाली. माझा शर्ट पांढरा. सुनंदाचा पांढरा. चिमणीवरचा मीटरसुद्धा पास म्हणत होता.

दस्तगीरचा शर्ट छातीवर काळा.

खालच्या दाराला फट होती. रोज तिथं वाकून फौंड्रीचा कुणी कामगार पोतं बदलणार होता. ती धूळ सरळ त्याच्या छातीत गेली असती.

सुनंदानं वाकून ती फट बघितली. मग तिनं मालकाला फोन लावला. "मशीन आज मिळणार नाही."

मला आधी हसू आलं. मग तिथंच पोत्यावर बसून रडलो.

तेव्हापासून डोक्याचा भुगा झालाय. दस्तगीर मुद्दाम तिथं उभा राहायचा का? साधा नट पिळला तरी गावभर टिमकी वाजवणारा माणूस. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवली असती?

आणि सावलीसाठीच म्हणावं, तर ऐन थंडीत काकडतही तिथंच का उभा राहायचा?

विचारायचं राहूनच गेलं. आता कुणाला विचारू?

आज भाभींना म्हटलं, "शर्ट धुऊन आणून देतो."

त्या म्हणाल्या, "द्या हिकडं. तुमास्नी न्हाई जमायचं ते. शर्ट असा काळा आला की मला कळायचं, मशीन नापास झालं. आता दोन दिस हे धड जेवायचे न्हाईत."

मग त्यांनी विचारलं, "दार नीट झालं का?"

"झालं. उद्या परत चालवून बघायचंय."

"मग आता शर्ट टांगू नगा भाऊजी. तुमी घाला."

शर्ट आत्ता समोर आहे, धुऊन, इस्त्री करून. बाह्या मला लांब होतात. दुमडून घेईन.

दस्तगीर, तुला आम्हा सगळ्यांचा सलाम. उद्या तुझ्या जागेवर मी उभा राहतोय गड्या.