पोतआक्काचा बटवा

हे सांगायचं मी जवळजवळ तीस वर्षं टाळलं. घरात तिचा विषय निघाला की मी चपला घालून बाहेर पडायचो. आता ती नाही. तिची आई, म्हणजे माझी बहीण, तिच्याआधीच गेली. आता लपवायचं तरी कोणापासून?

पोतआक्का माझी भाची. पोत म्हणजे मोहरीएवढे काचेचे मणी. जुनी मण्यांची पिशवी हातात आली की ती डोळे मिटून आधी खालच्या ओठाला लावायची. काच गार लागते, प्लास्टिक लगेच कोमट होतं. मग पिशवी उलटी करून आतला दोरा आणि गाठी बघायची. "वरनं समदीच नटत्यात, मामा. आत बघावं." सारखे दिसणारे मणी तिला आवडत नसत. म्हणायची, "जुन्या मण्यात एखादा जाडा, एखादा रोड, एखाद्याचं भोक वाकडं. माणसागत."

शिरूरला माझं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. शाळेसाठी ती आमच्याकडं राहिली, पण खरी शिकली ती दुकानात. एकदा पुण्याच्या एक बाई पिशवी घेऊन आल्या. म्हणाल्या, ही आमच्या पणजीची. आक्कानं ती ओठाला लावली आणि गंभीरपणे परत दिली. "बाई, ही पणजीची न्हाई. तुमच्या नातीची असंल." बाई आधी चिडल्या, मग पोट धरून हसल्या.

भंगारात आलेला एक बटवा तिनंच ओळखला. निळ्या जमिनीवर पांढरी हरणं, अर्धे मणी गळालेले. मला तो चिंधी वाटला. "घे तुला," म्हणालो. वर्षभर बसून तिनं तो दुरुस्त केला आणि लग्नात रुखवतात मधोमध मांडला. अंतरपाटाच्या वेळी मामा म्हणून तिच्या पाठीशी मीच उभा होतो.

सासर वडगाव रासाईचं. नवरा रांजणगावला कंपनीत. तीन वर्षांत त्यानं तिकडंच दुसऱ्या बाईशी घरोबा केला. आक्का खुटबावला आईकडं परतली. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. दारात मोटरसायकल वाजली की तेवढी उठायची. शेवटी चार माणसं बसली, काडीमोड झाली आणि रुखवत परत आणायला मला पाठवलं.

तिच्या सासूनं भांडी, तोरणं, समया टेम्पोत चढवल्या. शेवटी बटवा माझ्या हातात कोंबला. "ह्यो बी न्या. त्याला तिचं काय बी नको हाय."

तोपर्यंत मला त्या बटव्याची किंमत कळली होती. एक संग्राहक तशाच कामाच्या शोधात दोनदा दुकानात येऊन गेला होता. खुटबावला मी टेम्पो रिकामा केला. बटवा माझ्या पिशवीतच राहिला.

आक्कानं एकेक वस्तू उचलून पाहिली. "बटवा, मामा?"

"दिला नाही त्यांनी," मी म्हणालो.

तिचा चेहरा फुलला. त्या क्षणी मला समजायला हवं होतं. त्या दिवसापासून ती जेवायला लागली, मणी ओवायला लागली. आक्का सावरली, असं सगळे म्हणाले. ती ज्या आधारावर सावरली तो खोटा आहे, हे मला एकट्याला माहीत होतं.

पुढं दौंडचं स्थळ आलं. रेल्वेतला विधुर, शांत माणूस. दोनदा स्वतः येऊन गेला. तिच्या आईनं विनवलं, मीही विनवलं. आक्का म्हणाली, "मनातनं काढलं असतं तर बटवा बी धाडला असता की त्यांनी. ठिवलाय, म्हंजी कवातरी येत्याल." मी मान खाली घालून चहा प्यालो. तो बटवा विकायला माझा हात धजला नाही, आणि परत द्यायला तोंड. ट्रंकेत तळाशी पडून राहिला. दौंडच्या माणसानं वर्षभर वाट पाहून दुसरीकडं लग्न केलं.

गेल्या वर्षी आक्का आजारी पडली. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर मी बटवा घेऊन दौंडच्या दवाखान्यात गेलो. काय बोलायचं ते एसटीत शंभर वेळा घोकलं होतं. तिनं तो बघितला, ओठाला लावला. बराच वेळ तसाच धरला.

"त्यांनी धाडला?"

घोकलेलं सगळं तसंच राहिलं. मी म्हणालो, "व्हय."

ती रडली नाही. बटवा उशाशी ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी मनातनं काढलं त्यांनी. लई उशीर केला, मामा. तवाच धाडला असता, तर चार दिस रडले असते आन् दौंडवाल्यांना व्हय म्हणाले असते."

मी तिच्या पायाशी बसून होतो. तिनं डोळे मिटले होते. झोपली असं समजून, उद्या सांगू म्हणून मी निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचलो तेव्हा खाट रिकामी होती.

पोरी, तो तवाच आला होता. त्यांनी न्हाई, मी ठिवला. मला माफ कर.