बिनपल्ल्यांच्या फळ्या

भिंतीवरच्या उघड्या फळ्यांचे तोटे मला कोणी शिकवू नयेत. हुडको वसाहतीतल्या आमच्या घरात हॉलच्या भिंतीवर, अगदी दारासमोर, तशा फळ्या आहेत. सकाळी पुसा, संध्याकाळी बोट फिरवा, बोट काळं. जवळच्या स्टील प्लांटची धूळ ती, तिला सुट्टी नसते. शिवाय पाली फिरतात आणि पसारा येणाऱ्याला दारातूनच दिसतो. फळ्या ठोकताना सुतारानं माझ्या आईला, ललिताबाईला, परोपरीनं सांगितलं होतं, "दीदी, पल्ला लगवा लो, रोज पोंछते-पोंछते थक जाओगी."

"पल्ला नाही पाहिजे," आई म्हणाली. "मी पुसीन."

पल्ल्यांचा, म्हणजे कपाटाच्या दारांचा, तिला किती राग आहे हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार! माझे बाबा, चंपत, रेल्वेत गँगमन होते आणि आम्ही पद्मनाभपुरात भाड्यानं राहायचो. आमची जात घरमालकाला माहीत नव्हती. कळली असती तर सामान रस्त्यावर आलं असतं, आधीच्या घरी तेच झालं होतं. म्हणून बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची लहानशी मूर्ती लोखंडी कपाटात असायची, साड्यांच्या वरच्या कप्प्यात. आई रोज सकाळी खोलीची कडी लावायची, कपाट उघडायची, स्टुलावर मेणबत्ती लावून कुजबुजत वंदना म्हणायची आणि कपाट बंद करायची. तिच्या साड्यांना मेणाचा वास यायचा. बाबा म्हणायचे, थोड्या दिवसाची गोष्ट आहे. आम्ही भावंडं कॉलेजात गेलो तरी ते थोडे दिवस संपले नाहीत.

बाबा गेल्यावर त्यांच्या फंडातून हे घर झालं. फोटो आणि मूर्ती मधल्या फळीवर आली. आई रोज फडकं फिरवते आणि वंदना मोठ्यानं म्हणते.

मागच्या महिन्यात माझ्या भावाचे, प्रफुलचे, साहेब जेवायला यायचे होते. मी पोळ्या करत होते. दिवाणावर नवी चादर घालायची म्हणून आईनं कपाट उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. मी जाऊन पाहिलं. साड्यांवर फोटो पालथा ठेवलेला, शेजारी मूर्ती. हॉलमध्ये धावले, तर मधल्या फळीवर प्लास्टिकची फुलं!

"हे कोनं ठेवलं?" आईनं विचारलं.

प्रफुल शर्टाची बटणं लावत आला. "आई, एक शाम की तो बात है. साहेब कसे आहेत तुले माहीत नाही. सकाळी परत ठेवून देतो ना. कावून चिडून राहिली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्यामुळे हा शाळेच्या बाकावर बसला, साहेबासमोर खुर्चीत बसला, त्यांनाच यानं साड्यांत कोंबलं! मी तोंड उघडलं, पण आईनं हातानं मला थांबवलं.

"तुह्या बापानं बी हेच म्हटलं होतं," ती म्हणाली. "पण तवा घर दुसऱ्याचं होतं रे. आता कोनाचं आहे?"

तेवढ्यात बेल वाजली. आईनं फोटो आणि मूर्ती पदरानं पुसली, मधल्या फळीवर ठेवली, प्लास्टिकची फुलं कपाटात टाकली आणि स्वतः जाऊन दार उघडलं.

"नमस्ते, माताजी," साहेब म्हणाले.

"जय भीम," आई म्हणाली. घरमालकाच्या घरात तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

साहेबांची नजर फळीवर गेली. मग ते जेवले, निघून गेले. त्यांना काय वाटलं कोण जाणे, मला त्याचं सोयरसुतक नाही. मी प्रफुलकडे पाहत होते. त्यानं अख्ख्या जेवणात मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुपचूप फडकं घेऊन फळ्या पुसायला गेला. आईनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तुले धूळ लागन."