कोरडी गाठ

मासेमारीच्या गळांच्या दुकानात काका तीस वर्षं माशांना भुलवणाऱ्या पिसांच्या खोट्या माशीला नायलॉनचा दोरा बांधून देत होते. आवळण्याआधी गाठ ओठांत धरून ओली करायची, कोरडी आवळली की ती दगा देते, हे त्यांनी दुकानात हाताशी आलेल्या सुनेकडून घोकून घेतलं होतं. महिन्यापासून मात्र नव्या गोळ्यांनी त्यांच्याच तोंडाला कोरड पडली होती. गाठ भिजवायला पाण्याची वाटी जवळ ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटे.

आज एक जुनं गिऱ्हाईक तणतणत आलं. "काका, एवढा मोठा मासा माशीसकट गेला की हो!"

त्याने पुढे केलेल्या दोऱ्याचं टोक कुरळं झालं होतं. म्हणजे दोरा तुटला नव्हता, गाठ सुटली होती. सून गाठीला चार वेढे घेई, काका पाच. इथे पाचांच्या खुणा होत्या. काकांनी आपला हात ओळखला.

"तुमची गाठ नसणार ही," गिऱ्हाईक सुनेकडे बघत म्हणालं.

काकांनी चष्मा पुसला. "नवीन आहे. शिकेल हळूहळू."

गिऱ्हाईक गेल्यावर सुनेने पाण्याची वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

"बुडवा बाबा. माझ्या नावावर किती मासे घालवणार?"

काकांनी मान वर न करता गाठ बुडवली.