इंजिनावरची पेंढ्याची पुडी

सावाएबाई चिडल्या होत्या गाडीवर, पण खरी काळजी होती ती गेन्झोआजोबांची. डोंगरावर एकटे राहणाऱ्या या म्हाताऱ्याला आंघोळ घालायला, गोळ्या द्यायला त्या रोज जात, आणि आज आजोबा फोनच उचलत नव्हते. त्यात बर्फाच्या चढावर त्यांची छोटी जीप नुसती मागची चाकं फिरवत बसली. फोर-व्हीलचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे पुढच्या चाकांना जोर मिळतच नव्हता.

"आजच रुसायचं होतं का मेले?" म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं. हवेच्या ओढीवर पुढची चाकं जोडणाऱ्या रबरी नळीचं एक टोक काढून त्यातून तोंडानं हवा ओढली. नळी धड असती तर जीभ चिकटली असती, पण हवा सरळ आत येत होती. दुसरं टोक उंदरानं कुरतडलं होतं. शेजारी पेंढा आणि अर्धवट खाल्लेले सोयाबीन पडले होते. ते इथे कुठून आले, याचा विचार करायला वेळ नव्हता. कुरतडलेला तुकडा कापून त्यांनी नळी पुन्हा बसवली. दिवा स्थिर झाला आणि जीप चढली.

आजोबा फावडं घेऊन दारातच उभे होते.

"फोन का उचलत नाही हो? जीव टांगणीला लागला माझा!"

"बर्फ काढत होतो, पोरी. ऐकूच आलं नाही. ते जाऊ दे. काल तुझ्या गरम इंजिनावर नात्तोसाठी सोयाबीन आंबवायला ठेवले होते, पेंढ्यात बांधून. तुला माझा नात्तो आवडतो ना? झाला का चांगला?"

सावाएबाईंच्या जिभेवर अजून रबराची चव होती.

"झाला हो," त्या म्हणाल्या. "फक्कड झाला."