एकोणिसावी फ्लॉपी

आधीच सांगते, आमच्या घरात भूतखेत हा विषयच नव्हता. आम्ही कल्याण पूर्वेचे, बौद्ध. वडिलांनी बावीस प्रतिज्ञा लहानपणीच पाठ करून घेतलेल्या. अंगात येणं, नजर, उतारा... असलं काही कुणी बोललं की ते नुसते चष्म्यावरून बघायचे. तेवढं पुरायचं. त्यात माझं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नाही – इतकी सरळ माझी समजूत. खालचं वाचून कुणी कारण सांगितलं तर मला बरंच वाटेल.

गोष्ट १९९७ च्या आसपासची. मी डोंबिवलीत एका छोट्या सर्व्हिस सेंटरमध्ये होते. आई जाऊन तीन आठवडे झालेले. पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी मी बॅग उचलून कामावर गेले. रडू येत नव्हतं. डबा समोर आला की खायचे, भूक अशी लागायची नाही. लोक बोलायचे ते ऐकू यायचं, पण शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू यावा तसं.

त्या शनिवारी ठाण्याचा कॉल होता. खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं घर, ओट्यावर सोडे सुकत घातलेले. दार वैशालीने उघडलं. वीस-एकवीस वर्षांची मुलगी. तिचे वडील दामोदर, ठाण्यातच क्लार्क होते. तापाचं निमित्त होऊन आठ महिन्यांपूर्वी गेलेले. त्यांनी हौसेने घेतलेला सेकंडहँड कॉम्प्युटर घरात होता आणि वैशालीला त्यावर लग्नपत्रिकांचं काम सुरू करायचं होतं. तिचं नवं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टीमवर चालत नव्हतं. म्हणून मशीनवर नवी, माऊसवाली सिस्टीम चढवायची. एवढंच काम.

खोलीत खाटेवर तिची आजी बसलेली. दामोदर यांची आई.

"आजीला लकवा झालाय, ताई," वैशाली म्हणाली. "बाबा गेले त्याच महिन्यात. तेव्हापासून एक शब्द नाही. नाहीतर काय आवाज होता तिचा! धवलारीण होती ना. वाड्यातल्या कुठल्याही लग्नात धवले, लग्नविधीची गाणी, म्हणायला हीच."

मी मान हलवली. फ्लॉप्या काढल्या. तो संच अठरा फ्लॉप्यांचा होता. एकेक घालायची, मशीन घरघरत वाचणार, पुढची मागणार. मी हे तोपर्यंत तीसेक मशीनवर तरी केलेलं असेल.

मध्ये वैशाली सांगत होती, की बाबा रोज संध्याकाळी आजीला समोर बसवून तिचे धवले टाइप करायचे. एक ओळ आजी म्हणणार, एक ओळ बाबा टाइप करणार. "पण ते गेल्यावर मी सगळं मशीन शोधलं. कुठेच नाहीत. त्यांच्या सगळ्या फ्लॉप्याही बघितल्या."

"कधीकधी सेव्ह करायचं राहतं," मी म्हटलं. बरं वाटावं म्हणून नाही. तसं होतं, म्हणून.

अठरावी संपली. आता मशीन स्वतःहून बंद होऊन चालू व्हायला हवं होतं. त्याऐवजी स्क्रीनवर ओळ आली – डिस्क क्रमांक १९ टाका.

मी फ्लॉप्यांचा डबा बघितला. अठराच. पुन्हा अठरावी घातली, तर म्हणे चुकीची डिस्क. रद्द केलं. मशीन परत जुन्या सिस्टीमवर आलं, जसंच्या तसं.

मग मी शोधायला लागले. फ्लॉपी ड्राइव्हचं हेड स्पिरिटने पुसलं. व्हायरस तपासला. हार्ड डिस्क तपासली, ठीक. मशीन सुरू होताना वाचतं त्या फाइलमधल्या मेमरीच्या ओळी बंद केल्या. पुन्हा पहिल्यापासून अठरा फ्लॉप्या. पुन्हा – १९ टाका. बॅगेत दुसरा संच होता, आदल्याच दिवशी आंबिवलीच्या एका शाळेत व्यवस्थित चाललेला. रॅम बदलली आणि तो संच लावला. पुन्हा तेच. दोन वेगळे संच, आणि चूक तीच, आकडाही तोच.

मला राग आला नाही, कुतूहलही वाटलं नाही. मी फक्त पुढची पायरी केली.

"वैशाली, फॉरमॅट करावं लागेल. डिस्कवरचं सगळं जाईल. चालेल?"

ती म्हणाली, "माझ्या फाइल मी काढून घेतल्यात. बाबांचं तर काही सापडलंच नाही... करा."

मी कमांड टाइप केली. मशीनने विचारलं, नक्की? मी होकाराचं वाय दाबणार, एवढ्यात मागून आवाज आला. स्वच्छ, मोठा, बाईचा.

"हाय रं बाला, हाय. माजे पेटीन हाय ती."

मी वळले. आजी खाटेवर ताठ बसलेली. तिची नजर माझ्याकडे नव्हती, वैशालीकडेही नव्हती. कॉम्प्युटरकडे होती. खोलीत आम्ही तिघी बायका, आणि ती "रं बाला" म्हणाली – आतल्या खोलीतून मुलाने हाक मारून काही मागावं आणि आईने हातातलं काम न सोडता सांगावं, अगदी तशी.

वैशालीच्या हातातला पेला खाली पडला. "आजी? आजी, काय म्हणालीस गं?"

आजीचं तोंड पुन्हा वाकडं, गप्प.

खाटेखाली आजीची पत्र्याची पेटी होती. वैशालीने ती ओढली. वर लुगडी, त्याखाली फडक्यात बांधलेल्या बांगड्या, आणि तळाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक फ्लॉपी. लेबलवर निळ्या पेनने फक्त एवढंच – १९.

"बाबांचं अक्षर," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण ते फ्लॉपीवर नाव लिहायचे. नंबर कधीच नाही टाकायचे."

फॉरमॅट रद्द केलं. चौथ्यांदा पहिल्यापासून अठरा फ्लॉप्या. १९ टाका. मी ती घातली. ड्राइव्ह बराच वेळ घरघरला. मग स्क्रीन काळी झाली, आणि मशीन नव्या सिस्टीमवर चालू झालं.

मी ती फ्लॉपी उघडून बघितली. सिस्टीमची एकही फाइल त्यावर नव्हती. एकच फाइल होती – हळदीपासून वरात घरी येईपर्यंतचे धवले, सगळे.

वैशालीच्या आई बाजारातून मासळी विकून आल्या, तेव्हा वैशाली स्क्रीनवरचं मोठ्याने वाचत होती, रडत होती. आजी बोलली, असं तिने सांगितलं तशा त्या टोपली डोक्यावर घेऊनच दारात उभ्या राहिल्या. "आई बोलल्या? काय बोलल्या?" तीनदा विचारलं त्यांनी. मग टोपली उतरवून सासूच्या पायाशी बसल्या आणि तिचा हात आपल्या गालाला लावून धरला. मला म्हणाल्या, "बाय, जेवून जा." मी जेवले. कोळंबीचं कालवण होतं. चव लागली की नाही, आठवत नाही.

आजी त्यानंतर कधीच बोलली नाही, असं वैशालीने नंतर फोनवर सांगितलं. दिवाळीच्या आधी ती गेली.

मी पुढे अनेकांना विचारलं. कुठल्या डिस्कवर काय आहे, त्या याद्यांची फाइल बिघडली तर नसलेली डिस्क मागू शकते, असं एक सीनियर म्हणाले. मग दोन वेगळ्या संचांत तोच आकडा कसा? आणि ज्या डिस्कवर सिस्टीमचं काहीच नाही, ती मशीनने घेतली कशी? ते म्हणाले, बघावं लागेल. मी वैशालीकडून त्या फ्लॉपीची कॉपी आणून चार मशीनवर प्रयोग केला. एकानेही एकोणिसावी मागितली नाही.

भीती वाटली का, असं लोक विचारतात. नाही वाटली. तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. जेवण झाल्यावर मी सर्व्हिस रिपोर्ट भरला. ग्राहकाचं नाव, वेळ, काम पूर्ण. खाली एक रकाना असायचा, बिघाडाचं कारण. तो तसाच सोडून मी वैशालीची सही घेतली. सोमवारी साहेबांनी कागद परत माझ्यापुढे टाकला.

"हे काय? कारण लिही."

"माहीत नाही, सर," मी म्हटलं.

आजही विचारलं तर हेच सांगेन.