पाचची गाडी

"छापलेलं काय वाचतेस? भोकं वाच," असं म्हणून मामा तिकीट दोन बोटांत धरायचे, दाराच्या उजेडाकडे न्यायचे आणि एक डोळा मिटायचे. चढलो त्या टप्प्यावर एक भोक, उतरायचं त्या टप्प्यावर दुसरं. एसटीने फिरला असाल तर कंडक्टरच्या चिमट्याने पडलेली ती भोकं तुम्हीही पाहिली असतील. आपण तिकीट खिशात टाकतो नि विसरतो. मामा विसरत नसत.

काशीमीऱ्याला हायवेच्या मागे आमची चाळ होती. मामा शेवटच्या खोलीत एकटे राहायचे. कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, ना बायको ना पोरंबाळं. चाळीतलं कुणीही गावी निघालं की आधी त्यांच्या दारात उभं. ते कागदावर सगळं लिहून द्यायचे, गाडी निळ्या पेन्सिलीने, वेळ लाल पेन्सिलीने. निघणाऱ्याला पाया पडू द्यायचे नाहीत. चौकटीवर दोनदा टकटक करायचे. "डबल बेल. सुटा आता."

मी लग्न होऊन मेहकरकडच्या एका खेड्यातून इथे आलेली. शाळा सातवीत सुटली होती. पहिल्यांदा एकटी माहेरी गेले तेव्हा ठाण्याला काढलेलं तिकीटच पुढच्या गाडीत दाखवलं. कंडक्टर ओरडला, गाडी हसली. परत आल्यावर सांगितलं तर चाळही हसली.

"अगं, ते काय रेशनकार्ड आहे सगळीकडे चालायला?" मामा म्हणाले. पण मग चहा टाकला आणि मला समोर बसवून शिकवलं. गाडी बदलली की तिकीट बदललं. उतरायच्या आधी पुढच्या गाडीची वेळ विचारायची. माझ्या शेवटच्या तिकिटावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ, मेहकर एक नंबर, तुझं गाव तीन." मला त्या दिवशी आपण शिकलेल्या आहोत असं वाटलं.

मग एका दिवाळीच्या तोंडावर तार आली. आई आजारी, लगेच ये. नवरा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात. दिवाळीची ऑर्डर चालू, रजा नाही. मी तशीच मामांच्या दारात गेले.

"ठाणे, औरंगाबाद, जालना, मेहकर," मामा लिहीत गेले. "मेहकरला पोचशील चारपर्यंत. पुढे?"

"पाचची असते," मी म्हणाले.

ती गाडी मला पाठ होती. आठवीला मेहकरला गेलेल्या माझ्या मैत्रिणी तिनेच घरी यायच्या. मी शाळा सोडली होती. थांब्यावर, गावच्या पाटीपाशी बसून त्यांना उतरताना बघायची.

"मग दिवेलागणीला आईजवळ," म्हणत मामांनी लाल पेन्सिलीने पाच लिहिले आणि चौकटीवर टकटक केलं.

मेहकरच्या स्टँडवर पाच वाजले, साडेपाच वाजले. कंट्रोलर म्हणाले, "बाई, ती शाळेची गाडी. परवाच सुट्ट्या लागल्या. आता सकाळीच."

सकाळी पोचले तर अंगणात माणसं बसलेली. वहिनी म्हणाली, "काल सांजेपर्यंत विचारत होत्या, 'आली काय वं गाडी?' आम्ही म्हणायचो, येतेच आता." गाडी बंद आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आईला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

मी परतले तेव्हा मामा नळाशी बादली घेऊन उभे होते.

"पोचलीस ना वेळेत?"

"तुमची पाचची गाडी शाळेची होती, मामा!" सगळ्या बायकांसमोर मी ओरडले. "जन्मभर कंडक्टरकी केलीत ना? सुट्टीत ती बंद असते एवढं कळू नये? लोकांना कशाला वाटेला लावता?"

मामांनी बादली खाली ठेवली. "सुट्ट्या… होय की," एवढंच म्हणाले.

पाचची गाडी मी सांगितली होती. हे त्यांना माहीत होतं, मलाही.

त्यानंतर कुणी दारात आलं की मामा म्हणायचे, "स्टँडवर चौकशीची खिडकी असते, तिथे विचारा." मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून जायची. माफी मागायचं रोज ठरवायची आणि रोज घाबरायची.

पुढच्या वर्षी बिल्डरने चाळ घेतली. मी कामावरून आले तेव्हा मामांच्या खोलीला कुलूप होतं. भाच्याकडे गेले म्हणे. कुठल्या गावी, ते कुणी विचारलं नव्हतं. शेजारणीने एक घडी घातलेला कागद दिला. "तुझ्यासाठी ठेवलाय."

मेहकरहून आमच्या गावाला जाणाऱ्या सगळ्या गाड्या. निळ्या पेन्सिलीने गाडी, लाल पेन्सिलीने वेळ, पुढे 'रोज' किंवा 'शाळा असेल तरच'. पाचच्या गाडीपुढे लिहिलं होतं, 'स्वतः बसून पाहिली.' खाली टाचणीने चार तिकिटं लावलेली.

शेवटचं तिकीट मी दोन बोटांत धरलं, दारात नेलं आणि एक डोळा मिटला. एकवर भोक. तीनवर भोक.

त्या पाचच्या गाडीत मी आजवर बसलेली नाही.

मामा बसले होते.